केटलवरची शिकवणी

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण गळ्यात टेप पडली की माणूस मास्तर होतो, तसे ते झाले. आणि लग्नानंतर त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. तिला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटायचा. "माझी पदवी ह्यांच्या गळ्यात लोंबकळतेय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायची.

त्यांना एकच मुलगी. रांगत्या वयात तिने दुकानातलं एक चार भोकांचं बटण गिळलं. मास्तर गळ्यात टेप, कानावर खडू आणि हातात कुणाच्या तरी शर्टाची बिनबाह्यांची पाठ अशा अवतारात पोरीला उचलून डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर म्हणाले, "वाट बघा." बटण यथावकाश आपल्या वाटेने बाहेर आलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या दाखल्यावर चांगलं घसघशीत नाव असलेली ती मुलगी घरात कायमची बटण झाली.

मास्तर पँटी शिवायचे. त्यांच्या पँटीबद्दल गावात दोन मतं नव्हती, पण त्यांच्या हट्टाबद्दल होती. ट्रायल घेतल्याशिवाय ते कपडा हातात देत नसत. गिऱ्हाईक घाईत असायचं. "मास्तर, माप तर घेतलंय की!" मास्तर दोरा तोडता तोडता म्हणायचे, "घेतलंय. पण तेव्हा तुम्ही पोट आत ओढलं होतं." मापाच्या वेळी माणूस खोटं बोलतो, ट्रायलच्या वेळी उघडा पडतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्यांना अंगठाभर जाड चष्म्यातून स्पष्ट दिसायचं. निदान पँटींच्या बाबतीत तरी.

मग मास्तरीणबाई आजारी पडल्या. हळूहळू त्यांना गिळणंच अवघड होत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ द्या, पातळ द्या, थोडं थोडं द्या पण पुन्हा पुन्हा द्या. शाळांच्या गणवेशांचे दिवस होते. खाली दुकानात निळ्या कापडाचे ढीग छताला लागलेले, आणि मास्तरांना मान वर करायला फुरसत नव्हती. वरच्या खोल्यांमध्ये सगळं बटणने केलं. शाळेचं शेवटचं वर्ष, वर्षअखेरीला परीक्षा, तरी पोरगी पुस्तक ओट्याला टेकवून ओट्स शिजवायची, चाळणीतून गाळायची, फुंकर घालून चमच्याने भरवायची. संध्याकाळी मास्तर वर यायचे तेव्हा वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली असायची.

"संपवलं का गं?"

"हो, बाबा."

"पोरीच्या हाताला चव आहे बरं का," मास्तर पलंगाच्या कडेला बसून बायकोला सांगायचे. बोलण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती डोळे मिटून उघडायची. मास्तर समजायचे, हो म्हणतेय.

मास्तरीणबाई गेल्या. बटण परीक्षेला बसली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दुसऱ्या गावी कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेली. घरात मास्तर उरले आणि समोरच्या घरात त्यांची थोरली बहीण आक्का. आक्का म्हणजे भावावर जीव आणि जिभेवर धार. दिवसातून तीनदा रस्ता ओलांडून ती भावाला बोल लावायला यायची आणि येताना काहीतरी झाकून आणायची.

आता खरी अडचण अशी होती, की घरातलं सगळं बोलणं मास्तरीणबाईंच्या खात्यात होतं. बाप आणि मुलगी एकमेकांना आरपार ओळखायची, पण मधल्या टेलिफोन ऑपरेटरवाचून बोलायची सवयच नव्हती. फोन लागायचा.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

एवढं झालं की दोघंही घसा खाकरायची. मग "अभ्यास आहे, बाबा," आणि "बरं, कर." आयुष्यभर जिच्यासाठी शिवलं तिच्याशी बोलायला दोन वाक्यांच्या पुढे कापड पुरत नव्हतं.

अशात एकदा बटण सहज बोलून गेली, "मेसचं काही खरं नाही, बाबा. संध्याकाळी तर भूकच मारावी लागते."

मास्तरांना धागा सापडला. त्यांनी होस्टेलच्या नियमांची चौकशी केली. शेगडी चालणार नाही, हॉटप्लेट चालणार नाही, टोकदार सुरी चालणार नाही. पाणी तापवायची विजेची केटल तेवढी चालेल. बरं. मास्तरांनी बटणला केटल घेऊन दिली आणि हुबेहूब तशीच दुसरी स्वतःसाठी आणली. दुकानातल्या कोपऱ्यात, काज करायच्या मशीनशेजारी, एका स्टुलावर त्यांनी आपलं होस्टेल मांडलं: केटल, झाकणाचा स्टीलचा डबा, एक वाटी, एक चमचा आणि एक बोथट सुरी. जे पोरीकडे नाही ते आपण वापरायचं नाही, असा नियम केला. हाताशी इंचभर जाड कापड लोण्यासारखं कापणाऱ्या तीन कातऱ्या असताना हा माणूस बोथट सुरीने काकडीशी झटापट करत बसायचा.

आक्काने कपाळाला हात लावला. "अरे, वर अख्खं स्वयंपाकघर आहे! गॅस आहे, कुकर आहे!"

"ट्रायल आहे, आक्का. तिच्या खोलीच्या मापाची."

"डोक्याची घे आधी ट्रायल तुझ्या."

पण मास्तर मागे हटले नाहीत. केटल आपोआप बंद होते, तेव्हा अंड्यांसाठी ती पुन्हा चालू करावी लागते, हे त्यांनी शोधलं. ओट्सवर उकळतं पाणी ओतून डबा टॉवेलात गुंडाळला, की वाफेवर छान फुलतात, हे शोधलं. मक्याचे दाणे दोनदा पाणी बदललं तर शिजतात. दह्यात काकडी आणि भाजलेले शेंगदाणे घातले तर संध्याकाळ निघते. सफरचंदाच्या फोडी वाफवून त्यावर थोडी दालचिनी टाकली, तर गोड खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि दातही शाबूत राहतात. प्रत्येक पदार्थ आधी आपल्या पोटावर. पोटाने हरकत घेतली नाही, की रविवारी सकाळी दुकानाचं अर्धं शटर ओढून ते फोन तोंडाशी धरायचे आणि पोरीसाठी बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचे. टाइप करणं त्यांच्या बोटांना जमत नसे. एका अक्षराला हात लावला की शेजारची तीन उठायची.

"हं, तर बटण, ऐक. आज काकडी. काकडी कशी कापायची? कोटाच्या कापडासारखी नाही. अस्तरासारखी. पलीकडचं दिसलं पाहिजे. मग डबा. टॉवेल गुंडाळताना शिवण आतल्या बाजूला, म्हणजे घडी सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे वाफ कोंडू दे, सारखं झाकण उघडू नकोस. गिऱ्हाईक सारखं येऊन विचारतं म्हणून पँट लवकर होत नाही."

आणि उत्तरं यायची! तीही कशी? चांगली लांबलचक, लिहिलेली. "बाबा, दही आंबट निघालं तर काय करायचं?" "बाबा, मका जमला, पण शेजारच्या खोलीतल्या पोरी वासाने आल्या आणि मला चारच दाणे मिळाले." "बाबा, अंडं सोलताना अर्धं टरफलाबरोबर गेलं. उसवायचं कसं ते पण सांगा." मास्तर ती उत्तरं गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे. माप देताना हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला पळताही येत नसे.

एकदा मुगाला मोड आणायचे म्हणून त्यांनी भिजवलेले मूग हाताला लागलेल्या अस्तराच्या तुकड्यात बांधले. अस्तराने रंग सोडला. सकाळी बघतात तर मूग निळेशार. टाकून देणं स्वभावात नव्हतं. "बटण, पांढराच रुमाल घे," त्या रविवारी त्यांनी सांगितलं, "मी कालपासून निळे मूग खातोय, आणि जीभ अशी झालीय, की आक्का डॉक्टरला बोलवायला निघाली होती." उत्तर आलं, "बाबा, हसून हसून पोट दुखलं. खोलीतल्या पलंगावरून खाली पडायची बाकी होते."

मास्तरांनी ते उत्तर किती वेळा वाचलं, देव जाणे. "बघितलंस, आक्का? हसली."

आक्का वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "लिहिते एवढी भरभरून, मग फोनवर मिठाची गुळणी धरल्यासारखी का असते?"

"काहींना लिहायला जमतं, काहींना बोलायला."

"हं," आक्का म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये नेहमी पुढचं वाक्य असायचं. त्या दिवशी तिने ते गिळलं.

होस्टेलवर पालकांना खोलीत जाऊ देण्याचा वर्षातून एक रविवार असतो. मास्तरांनी जाडा पांढरा टॉवेल घेतला, शेंगदाणे स्वतः भाजून घेतले, ठेवणीतली पँट चढवली आणि दुपारी येतो म्हणून सांगून सकाळच्याच बसने निघाले. पोरीला चकित करायचं होतं. दाराशी रेक्टरबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, वहीत सही घेतली आणि जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "पुरुष माणूस वर येतोय!" मास्तर इतके लाजले, की पहिला मजला त्यांनी खाली मान घालूनच चढला.

दार उघडलं ते एका उंच, सडसडीत मुलीने. बटणच्या बोलण्यात तिचा एकदा उल्लेख आला होता: खोलीत एक जिराफ आहे म्हणून.

"काका! तुम्ही दुपारी येणार होतात ना?"

"ओळखलंस बरं लगेच!"

"म्हणजे काय, आवाजावरून—" जिराफ मधेच थांबली. "फोटो बघितलाय ना. या ना, काका, बसा. ती लायब्ररीत गेलीय, येईलच."

मास्तर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. खिडकीखालच्या टेबलावर त्यांच्या दुकानातला कोपरा जसाच्या तसा मांडलेला. केटल. झाकणाचा डबा. बोथट सुरी. खिडकीच्या गजाला बांधलेला पांढरा रुमाल आणि त्यातून डोकावणारे मोड. वर्षभर जे डोळ्यांसमोर आणून फोनमध्ये सांगितलं, ते असं समोर उभं होतं. "पोरीने दुकान काढलंय माझं," ते स्वतःशीच पुटपुटले.

पण शिंप्याच्या डोळ्याला बसून राहता येत नाही. टेबलाशेजारच्या खुंटीवर एक पँट लटकत होती. मास्तरांनी सहज तिच्याकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात लांबी मोजली, जशी ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची मोजत. ही पँट बटणची नव्हे. चांगली चार बोटं लांब. टेबलावरचा कंगवा, पलीकडची उशी, उशाशी लावलेले फोटो, सगळं त्या पँटच्या मालकिणीचं. खोलीच्या दुसऱ्या बाजूला दुसरं टेबल होतं. त्यावर बटणच्या अक्षरातलं वेळापत्रक, पुस्तकं, टेबललॅम्प. खाण्याची म्हणाल तर एक वस्तू नाही. मास्तरांनी घेऊन दिलेल्या केटलचं खोकं तेवढं पलंगाखाली, वरची चिकटपट्टीही न काढलेलं.

"काका, तुम्ही प्रवासातून आलात, मी काहीतरी करते पटकन," जिराफ म्हणाली. तिला गप्प बसवत नव्हतं.

तिने पाणी तापवलं. ओट्सवर ओतलं. डबा टॉवेलात गुंडाळला. गुंडाळताना बोटं थांबली, टॉवेल उलटला, शिवण आतल्या बाजूला घेतली. मग काकडी. अस्तरासारखी. पलीकडचं दिसेल अशी. हातावरून काम ओळखणारा आणि कामावरून हात ओळखणारा माणूस समोर बसलाय, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

मास्तरांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "निळे मूग आठवतात का?"

जिराफ खुदकन हसली. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सुरी हातातच राहिली.

"काका, सॉरी."

"सगळी उत्तरं?"

"पहिलं सोडून."

पहिलं उत्तर मास्तरांना पाठ होतं. 'बरं, बाबा. करीन.' एवढंच होतं ते.

"तिने सांगितलं, तू ऐक आणि काहीतरी लिही," जिराफ रडवेली झाली. "मी एकदाच लिहिणार होते. पण मग मी ते करून बघितलं, आणि ते जमलं. आणि तुम्ही इतकं हसवायचात, काका. माझे बाबा कधी असं… म्हणजे चांगले आहेत ते, पण ते फक्त मार्क विचारतात. रविवार आला की मीच तिच्या मागे लागायचे, फोन दे, फोन दे. मला वाटायचं, तुम्हालाही बरं वाटतंय."

"वाटत होतं गं," मास्तर म्हणाले. "बरंच वाटत होतं."

तिच्यावर रागवायला त्यांना जागाच सापडेना. इतकी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी कुठल्या मास्तरला मिळते? पण ज्या पोरीशी आपण वर्षभर बोललो, जिला हसवलं, जिच्या हसण्यावर अख्खा आठवडा काढला, ती ही. मग आपली कुठे होती?

दार उघडलं. बटण आत आली. बापाला पाहून तिचा चेहरा उजळला, अगदी लहानपणी दुकानाच्या पायऱ्या चढताना उजळायचा तसा; आणि त्याच क्षणी जिराफने, काहीतरी करायला हवं म्हणून, डब्याचं झाकण काढलं. वाफ खोलीभर पसरली. बटणचा चेहरा पांढरा पडला. तिने हात नाकाशी नेला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आता खरं तर मास्तरांनी गप्प बसायचं. पण प्रेमाने भरलेला माणूस आणि भरधाव मशीन, दोन्ही जागच्या जागी थांबत नाहीत. त्यांना वाटलं, वेळ मिळाला नसेल पोरीला, कंटाळा केला असेल, एकदा चव घेतली की येईल गोडी. त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि पुढे धरला.

"ये. एकच घास. आ कर बघू."

"नको, बाबा."

"अगं, एकच. आ—"

बटण खोलीतून निघून गेली.

ती त्यांना जिन्यात सापडली, वरच्या पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. खालून कुठल्या तरी आईचं "किती वाळलीस गं!" ऐकू येत होतं. मास्तर एक पायरी खाली बसले. चमचा अजून हातातच होता. तो त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"मी रागावलो नाहीये, बटण. वेळ होत नसेल तर—"

"वेळेचं नाही, बाबा."

"मग? तुला तर किती आवड होती. आई आजारी होती तेव्हा तू किती निगुतीने—"

"आई खायची नाही."

मास्तरांना कळलंच नाही.

"मी करायचे ते. ती खायची नाही, बाबा. तिला जायचंच नाही घशाखाली. तोंडात धरून ठेवायची. मला बरं वाटावं म्हणून मान हलवायची, छान झालंय अशी. आणि मी पाठ फिरवली, की नॅपकिनमध्ये काढायची."

"पण वाटी रिकामी…"

"वाटी मीच धुवायचे ना."

खालचा आवाज बंद झाला होता. बटण पायरीकडे बघत बोलत होती, आणि आता बोलायला लागली होती ती थांबत नव्हती. "मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. तरी ती तोंड उघडायची. तरी मी भरवायचे. दिवसातून इतक्यांदा. आणि संध्याकाळी तुम्ही वर यायचात आणि म्हणायचात, पोरीच्या हाताला चव आहे."

मास्तरांचे हात मांडीवर होते. आयुष्यभर ज्या हातांना काय करायचं ते विचारावं लागलं नव्हतं, त्यांना आता कुठे ठेवायचं तेच कळेना.

"ओट्सचा वास आला, की मला ती खोली येते नाकात. आणि तुम्ही दर रविवारी तेच. वाफ कोंडू दे, मऊ होऊ दे. मी पहिला मेसेज ऐकला आणि ओकायला बाथरूममध्ये गेले. मग म्हटलं, जिराफ, तूच बघ बाई."

"मला सांगायचं ना गं."

बटणने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही किती खूश व्हायचात, बाबा."

एवढंच बोलली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर मास्तरांना सोसला असता. आईने लेकीला बरं वाटावं म्हणून घास तोंडात धरला होता. लेकीने बापाला बरं वाटावं म्हणून तेच केलं होतं. आणि ज्याला बरं वाटत होतं तो खाली दुकानात मान खाली घालून टिपा मारत होता. आणि पुढे पोरीचं माप घ्यायचं सोडून त्याने वर्षभर ट्रायल स्वतःच्याच पोटावर घेतली होती. गिऱ्हाइकाने असं केलं असतं, तर मास्तरांनी त्याला उभ्या उभ्या फैलावर घेतलं असतं.

"मग तू खातेस काय?" न राहवून त्यांनी विचारलंच.

"मेसमध्ये. दुसऱ्या कुणी केलेलं चालतं मला. फक्त माझ्या हातचं नको, आणि मऊ नको."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं तेव्हा दिसलं, तिच्या ड्रेसची खांद्यावरची शिवण दंडावर उतरली होती. ड्रेस त्यांनीच शिवलेला. ती शिवण तिथे कधीपासून होती, कुणास ठाऊक. मास्तरांनी हात लांब केला, शिवण दोन बोटांत धरून वर खांद्यावर नेऊन ठेवली, आणि हात काढला तशी ती पुन्हा खाली घसरली.

पालक खाली-वर करत होते. "जरा सरकता का?" म्हणत एक गृहस्थ खोकं घेऊन गेले. बटणने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं नाही, आणि मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. दोघांनाही ते कसं सुरू करायचं ते येत नव्हतं. बसच्या वेळेला ती फाटकापर्यंत आली. निरोप घेताना मास्तरांच्या तोंडात सवयीने "नीट खात जा" आलं होतं. त्यांनी ते परत आत ढकललं. आणि नुसता हात हलवला.

घरी आक्का दारातच उभी होती. "कशी आहे पोर? खूश झाली का? काय काय करून घातलं बापाला?"

"तू त्या दिवशी 'हं' म्हणालीस ना, आक्का."

"कधी?"

"म्हणालीस एकदा. त्याच्यापुढे काय म्हणणार होतीस?"

आक्काने भावाचं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने ताट वाढायला आत गेली. आक्का मुकाट्याने काही करते, हे त्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

मास्तरांचा तो आठवडा कापड कापण्यात गेला. एका सरळमार्गी कारकुनाच्या पँटचे दोन्ही पाय त्यांनी एकाच बाजूचे कापले. तीस-पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. आपली चूक म्हणून त्यांनी घरातलं कापड घालून दुसरी शिवून दिली, पण एका बाजूच्या त्या दोन पायांकडे ते बराच वेळ बघत राहिले होते.

रविवारी सकाळी फोनवर मेसेज आला. जिराफचा होता, आता स्वतःच्या नंबरवरून. 'काका, रागावलात का? आज काहीच आलं नाही.' मास्तरांनी शटर अर्धं ओढलं, फोन तोंडाशी धरला. "नाही गं बाळ, रागावलो नाही," ते म्हणाले, आणि पुढे काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. काहीतरी साधं, गाजराचं, चण्याचं. तिचा काय दोष? पण त्यांनी बोट उचलून रेकॉर्डिंग थांबवलं. तिच्याशी बोलायला लागलं, की मन आपसूक दुसऱ्याच पोरीशी बोलायला लागायचं, आणि ती पोर तिथे नव्हती. तेवढंच पाठवून दिलं.

मग त्यांनी बटणला फोन लावला.

"हॅलो, बाबा."

"हं. बटण."

आता पुढे "जेवलीस का?" यायचं. आजवर फोनवरचं प्रत्येक बोलणं त्या दारातूनच आत गेलेलं. त्याच्याशिवाय आत कसं जायचं, हे मास्तरांना माहीतच नव्हतं. ते उभेच राहिले.

पलीकडे खोलीतला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी बादली ठेवली. पण बटण "अभ्यास आहे" असं म्हणाली नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, मी शाळेत गेलेले असायचे तेव्हा आई काय करायची?"

मास्तरांना काहीतरी सांगता आलं असतं. तुझी आठवण काढायची. झोपायची. तू केलेलं आवडीने खायची. पोरीला बरं वाटेल असं काहीही. जिभेवर आलंही होतं.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी वर नव्हतो. खाली होतो."

"एकदाही नाही आलात?"

"यायला हवं होतं."

बटण रडायला लागली. आई गेली तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत रडली होती, त्यानंतर बापाच्या कानावर तिचं रडणं आजच पडत होतं. मास्तरांनी "रडू नको" म्हटलं नाही. त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ठेवू नका, बाबा," ती मधेच म्हणाली.

"नाही ठेवत."

शटरखालून वाकून आक्का आत आली, हातात झाकलेली ताटली आणि तोंडात तयार वाक्य. मास्तरांनी बोट उचललं. गप्प. आक्काला आजवर असं कुणी गप्प केलं नव्हतं. तिने ताटली कापडाच्या ढिगावर ठेवली, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि फोन कानाला लावून उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे बघत राहिली. तो नुसता ऐकत होता.